सासूबाईंना न लागलेली गाडी

नवी गाडी दारात आली त्या संध्याकाळी रेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागचं दार उघडून आत डोकं घातलं, दोनदा वास घेतला आणि म्हणाली, "हिला डिझेलचा वास नाही." काचेचं छत, मोठा पडदा, आपोआप मागे सरकणारी खुर्ची, यांतल्या कशाबद्दलही ती बोलली नाही. ही गाडी सगळ्यात आधी कुठे जाणार, हे मला तेवढ्यावरून कळलं.

रेखाचं माहेर भंडारा जिल्ह्यात, अड्याळपासून आडवाटेला चार किलोमीटरवर, भाताच्या शेतांमधलं लहानसं गाव. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि या चोवीस वर्षांत तिची आई पुण्याला आमच्या घरी एकदाही आलेली नाही. रुसवा नाही, भांडण नाही. सासूबाईंना गाडी लागते. एस.टी., जीप, ट्रॅक्टर, काहीही. एकदा निश्चय करून निघाल्या होत्या. अड्याळहून भंडाऱ्याची बस धरली, थोड्याच अंतरावर उतरल्या आणि सात-आठ किलोमीटर चालत घरी परत आल्या. डिझेलचा वास सोसत नाही, असं सगळ्या घराने ठरवून टाकलं होतं. "माझ्या आईने माझं घर पाहिलेलं नाही," हे रेखा लोकांना हसत सांगते आणि त्या रात्री लवकर झोपते. मला ते चोवीस वर्षं दिसतंय.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. त्यामुळे पाटीवर छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नसतो. प्रमाणित वजन ठेवून पाहिल्याशिवाय मी कुणाचं खरं धरत नाही. गाडीच्या कागदावर लिहिलं होतं, एकदा पूर्ण चार्ज केली की साडेसहाशे किलोमीटर. गाडी सव्वादोन टनांची, म्हणजे चार-पाच म्हशी एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढी. एवढं धूड ऐंशी युनिट विजेत साडेसहाशे किलोमीटर जाईल? मी वही घेतली, पहिल्या पानावर "एका युनिटला किती किलोमीटर?" असं लिहिलं आणि जानेवारीच्या एका पहाटे आम्ही दोघं निघालो.

समृद्धी महामार्ग

या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण तो पाहण्यासाठी केलेलाच नाही. एकशे वीसचा वेग ठेवला की गाडी ढगासारखी जाते आणि बॅटरी फुटक्या माठासारखी रिकामी होते. माझ्या वहीत आकडा आला, युनिटला साडेचार किलोमीटर. म्हणजे पूर्ण चार्जवर साडेतीनशेच्या आसपास. साडेसहाशे कुठे आणि साडेतीनशे कुठे! मला मनातून समाधानच वाटलं. काट्यात खोट सापडली की माझ्यासारख्याला बरं वाटतं, मग तो काटा स्वतःच्याच पैशाचा का असेना.

वाटेत दोनदा चार्ज केली, दोनदा पोहे खाल्ले. नागपुरात मुक्काम केला. सकाळी चार्जरपाशी पुढे तीन गाड्या होत्या, म्हणून म्हटलं भंडाऱ्याला करू. रेखा म्हणाली, "करून घ्या इथेच." मी ऐकलं नाही. नवऱ्यांच्या अशा चुकांवर निराळं पुस्तक लिहावं लागेल.

भंडारा

भंडाऱ्याच्या अलीकडे एका ढाब्याच्या अंगणात चार्जर होता खरा, पण त्याचा पडदा काळाठिक्कर. ढाब्याचा मालक प्रेमाने म्हणाला, "कालपर्यंत चालून राहिला होता साहेब. चहा घ्या." चहा घेतला. चहाने गाडी चार्ज होत नाही.

गावात शिरलो. भंडाऱ्याची पितळेची भांडी नावाजलेली. बाजारातल्या दुकानांत गुंड, घागरी आणि परातींच्या उतरंडी लावलेल्या असतात आणि उन्हाची तिरीप आली की दुकानदाराचा चेहरासुद्धा पिवळा दिसतो. रेखाने दोन गुंड घेतले. गुंड म्हणजे पाणी भरायचं गोल पोटाचं भांडं. एक आईसाठी आणि एक मोठ्या मावशीसाठी. मी मनात गाडीच्या वजनात पाच किलो मिळवले. माझ्याकडे पाहून रेखा म्हणाली, "वहीत लिहू नका हं."

भंडारा सोडून पवनीच्या रस्त्याला लागलो आणि काचा खाली केल्या. भात कापून झालेल्या शेतांना इकडे बांध्या म्हणतात. त्या बांध्यांमध्ये लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, पीक उभं होतं, निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचं. मध्ये मध्ये तलाव, पाळीवर मोहाची झाडं, घरांमागे तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग. आमच्याकडे, पश्चिम महाराष्ट्रात, पाणी विहिरीत, नळात किंवा बातम्यांत असतं. इथे ते रस्त्याच्या कडेला उघडं पडलेलं असतं आणि कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. रेखाची भाषा मात्र पहिला तलाव दिसताच बदलली. पुण्यात चोवीस वर्षं "मला, तुला" म्हणणारी बाई एका म्हातारबाला रस्ता विचारताना "मले सांगा ना बाबाजी" म्हणून गेली आणि तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. मला ती लग्नाच्या वेळच्यासारखी दिसली. हे मी तिला तेव्हा बोललो नाही, इथे लिहितो आहे.

माहेरचं अंगण

पोचलो तेव्हा गाडीत एकोणीस टक्के उरले होते. सासूबाई दारात उभ्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, बारीक, ताठ. मला पाहताच पदर कपाळापर्यंत ओढला. या घरात सासू जावयाच्या बरोबरीने बसत नाही, समोरून जात नाही, फार बोलतही नाही. आमच्याकडे सासू जावयाशी पत्ते खेळते. पहिल्या वर्षी मला हा अबोला वाटला होता. नंतर कळलं की हा इथला मान आहे आणि तो चुकवायचा नसतो.

रमेश, रेखाचा धाकटा भाऊ, शेती पाहतो. तो आल्या आल्या गाडीला हात लावून म्हणाला, "जिजाजी, आवाजच नाही हो! आली केव्हा, समजलंच नाही." मी त्याला विचारून कुलरच्या जाड पिनेच्या बोर्डाला गाडीची वायर लावली. सकाळपर्यंत पन्नास टक्के तरी होईल, असा माझा अंदाज होता.

जेवणात नवीन तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि पोपटाची भाजी. दचकू नका, इकडे वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात. आपल्याकडे पोळी संपली की भात. इथे भात संपला की भात. तिसऱ्या वाढीला मी हात आडवा केला तेव्हा स्वयंपाकघराच्या पडद्याआडून सासूबाईंचा आवाज आला, "जवाईबापूले भात आवडला नाही वाटते." मी हात काढून घेतला.

जेवणं झाल्यावर रेखाने विषय काढला. सासूबाईंची थोरली बहीण, म्हणजे मोठी मावशी, गोसीखुर्द धरणाकडच्या एका पुनर्वसनाच्या गावात राहते. तिचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. जुन्या गावाला सासूबाई बैलगाडीने जायच्या, कारण बैलगाडी त्यांना कधी लागली नाही. नवं गाव लांब, बेचाळीस किलोमीटर. तिकडे कुणी बैलगाडीने जात नाही. सहा वर्षं बहिणी भेटलेल्या नव्हत्या. "उद्या मावशीकडे जाऊ, आई," रेखा म्हणाली. "या गाडीत डिझेल नाही. तुले त्रास नाही झाला तं मंग पुण्याले..."

पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापूची नवी गाडी आहे पोरी. खराब होईन."

"होऊ द्या आई," मी म्हणालो. "धुता येते."

सकाळ

सकाळी गाडीत चोवीस टक्के. मी गाडीतल्या पडद्याकडे पाहतच राहिलो. रात्रभरात फक्त पाच टक्के? वायर पाहिली तर नीट गुंडाळून, वर पोत्याचा तुकडा पांघरून ठेवलेली. तेवढ्यात रमेश दात घासत आला.

"जिजाजी, ते पिन मीच काहाडली ना. तुमी झोपले तेव्हाच."

"अरे, का?"

"रातभर लावून ठेवलं तं बॅटरी फुगते. माह्या मोबाइलची अशीच फुगली. दुकानवाला मने, झोपताना काहाडत जा. मोबाइल दहा हजाराचा, तुमची गाडी केवढ्याची! मले तं झोपच नाही आली, म्हटलं जिजाजी थकले, विसरले असतीन."

त्याच्या चेहऱ्यावर एवढी माया होती की रागवायला जागाच नव्हती. जावयाच्या गाडीसाठी जागा राहिलेल्या माणसाला काय सांगणार? "बरं केलंस," म्हणालो आणि आत जाऊन वही उघडली. चोवीस टक्के म्हणजे एकोणीस युनिट. जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी किलोमीटर. समृद्धीच्या दराने जेमतेम पुरतात, आणि वाटेत काही झालं तर नाही. थांबून चार्ज करावी म्हटलं तर सासूबाई आदल्या दुपारपासून काही न खाता तयार बसल्या होत्या. पोट रिकामं ठेवायचं, पदरात लिंबू बांधायचं, बुडाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवायची, असे सगळे उपाय त्यांनी केले होते. आज निघालो नाही तर त्या पुन्हा तयार होतील की नाही, याची खात्री खुद्द रेखालाही नव्हती.

त्यात रमेशने डिकीत तांदळाचे दोन कट्टे आणून टाकले. एकेक कट्टा तीस किलोचा. "मावशीसाठी," तो म्हणाला. "एवढी मोठी गाडी रिकामी कायले न्याची?" माझी वही मी खिशात ठेवली.

अड्याळचा हातपंप

सासूबाई मागे बसल्या, शेजारी रेखा. मी एसी बंद ठेवला आणि एक हुशारी केली. या गाडीत एक सोय असते: वेगाच्या पट्टीवरून पाय उचलला की गाडी स्वतःच ब्रेक लावत जाते आणि त्या ब्रेकमधून थोडी वीज परत बॅटरीत भरते. ती सोय मी सगळ्यात जोरावर ठेवली. थेंब थेंब वाचवायचा होता. गावाच्या रस्त्यावर शेळ्या, सायकली, धानाचे ट्रॅक्टर. मी पाय दाबत होतो, उचलत होतो, आणि पडद्यावर परत आलेल्या विजेचा हिरवा पट्टा वाढताना बघून खूश होत होतो.

अड्याळ आलं नव्हतं तोच रेखा ओरडली, "थांबवा!"

सासूबाई कशाबशा खाली उतरल्या. रिकाम्या पोटातून नुसतं पाणी पडलं. रेखा त्यांची पाठ चोळत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पाण्याची बाटली घेऊन मूर्खासारखा उभा. रस्त्याच्या कडेला हातपंप होता. रेखाने दांडा मारला, सासूबाईंनी तोंड धुतलं आणि तिथल्याच ओट्यावर बसल्या. आठवडी बाजाराला जाणाऱ्या दोन बाया थांबल्या, चौकशी करून गेल्या.

"परत चला," रेखा मला म्हणाली. आवाज कोरडा होता. "वास नाही, धूर नाही, तरी असं. म्हणजे आता काहीच उरलं नाही. उगाच मी आईचा जीव काढते आहे."

चोवीस वर्षांची गोष्ट तिथे त्या हातपंपापाशी संपल्यासारखी वाटली. मी म्हणालो, "आई, फार त्रास झाला का? कसं होत होतं?" जावई होऊन चोवीस वर्षं झाली, पण त्यांना थेट असा प्रश्न मी प्रथमच विचारला असेन.

सासूबाईंनी पदर सावरला. माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "वासाचं नाही जवाईबापू. वास नाहीच तुमच्या गाडीले. पन तुमी पाय उचलला का गाडी मागून कोनी धरून ओढल्यासारखी होते. अन् पुन्हा ढकलल्यासारखी. पोटातलं तिथंच रायते अन् गाडी फुडं जाते."

ती ओढ म्हणजे माझी हुशारी होती. थेंब थेंब वीज वाचवायला मी जी सोय जोरावर ठेवली होती, तीच त्यांचं पोट ढवळत होती.

"बैलगाडीत असं होत नाही?" मी विचारलं.

"बैलाले असं थांबवत नसतात," त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जरा वर आला. "लांबून शेळ्या दिसल्या का दोर ढिला सोडाचा. बैलाले समजते, हळू होवाचं आहे. अन् मी फुडं बसो ना, दादल्याच्या बाजूले. रस्ता दिसे. रस्ता दिसला का पोटाले समजते, आता वळन येऊन राहिलं."

रेखा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. उपाय समोर होता, पण तो या घरात बसणारा नव्हता. पुढे बसायचं म्हणजे जावयाच्या शेजारी, बरोबरीने. रेखाने सांगून पाहिलं. सासूबाईंनी नुसती मान हलवली. "लोक काय मनतीन? जवयाच्या बाजूले बसून गावातून चालली."

मग रेखाने पुढचं दार उघडलं आणि दोन्ही खुर्च्यांच्या मधला भाग हाताने थोपटला. जड गाड्यांमध्ये तिथे एक रुंद, उंच ओटा असतो. त्यात थंड कप्पा, बटणं, मोबाइलची जागा. मला तो नेहमी वाया गेलेली जागा वाटायचा. "हे पाह्य आई," रेखा माहेरच्या बोलीत म्हणाली, "मधात केवढी भिंत आहे. इकडची खोली वेगळी, तिकडची वेगळी." आणि मावशीचा पितळी गुंड आणून त्या ओट्यावर, आमच्या दोघांच्या मध्ये, पक्का बसवला.

सासूबाईंनी गुंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तुमाले चालत असन तं," म्हणाल्या आणि पदर पुढे ओढून चढल्या.

पवनीचा रस्ता

मी ती वीज वाचवायची सोय पूर्ण बंद केली. वीज पुरली तर पुरली. वाटेत बंद पडलो तर बैलजोडी मागवू, असं मी मोठ्याने म्हणालो, तर मागून रेखा आणि गुंडापलीकडून सासूबाई एकदमच हसल्या.

चाळीसचा वेग. खिडक्या उघड्या. पहिले पाच किलोमीटर सासूबाईंनी दाराची मूठ सोडली नाही. मग लांबवर गुरं दिसली आणि त्या हळूच म्हणाल्या, "सोडा आता." मी पाय उचलला. गाडी कुणी न ओढता आपली आपण घरंगळत राहिली, हळू हळू होत गुरांपाशी पोचेपर्यंत गुरांच्याच चालीवर आली. गुरं बाजूला झाली. ब्रेकला पाय लावावाच लागला नाही. पुढे वळण. "सोडा." उतार. "जाऊ द्या तिला, दाबू नका." चढ. "आता दाबा, पन धीरानं." तीस वर्षं गाडी चालवतोय मी. त्या दिवशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, कधी सायकलही न चालवलेल्या बाईकडून शिकलो. मला शिकवताना त्यांचा पदर कपाळावरून मागे सरकला होता आणि तो त्यांनी पुन्हा पुढे ओढला नाही.

सासूबाई वाटेवरची ठिकाणं सांगत होत्या. या तलावातले मासे गोड. या पाळीवर त्यांच्या लग्नाच्या गाड्या थांबल्या होत्या. या गावात त्यांची मैत्रीण दिली होती, ती बाळंतपणात गेली. आरशात मला मागे बसलेल्या रेखाचा चेहरा दिसायचा; ती रस्त्याकडे बघत नव्हती, आईच्या मानेकडे बघत होती. अधूनमधून विचारायची, "आई, बरं आहे?" आणि सासूबाई म्हणायच्या, "गप बस व, मी जवाईबापूले सांगून राहिली ना."

पवनी मागे पडलं तेव्हा मी सवयीने पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. युनिटला साडेआठ किलोमीटरच्या वर. दोन कट्टे तांदूळ, तीन माणसं, दोन गुंड, वीज परत भरायची सोय बंद, आणि तरी साडेआठ! ऐंशी युनिटांना गुणलं तर साडेसहाशे ओलांडून पुढे. कंपनी खोटं बोलत नव्हती. शेजारी सासू बसवावी लागते, एवढंच फक्त तिने कागदावर लिहिलं नव्हतं. वेग कमी केला की वारा आडवा येत नाही, आणि ब्रेकच कमी लावले तर ब्रेकमधून परत मिळवायचं काही राहत नाही. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर मानलं नसतं. प्रमाणित वजन ठेवून पाहिलं, म्हणून मानतो.

मोठी मावशी

पुनर्वसनाची गावं लगेच ओळखू येतात. रस्ते सरळ, प्लॉट सारखे, झाडं मात्र अजून पोरसवदा. जुन्या गावात घर सांगायचं तर पिंपळ, विहीर, देऊळ अशा खुणा सांगायचे. इथे ओळ आणि नंबर. तरी मावशीच्या अंगणात तुळस होती, भिंतीला मासे धरायचं जाळं टांगलेलं होतं आणि खाटेवर मावशी उन्हाला बसली होती. ऐंशीच्या पुढची, नजर अधू.

सासूबाई स्वतः दार उघडून उतरल्या. खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कोन व?" मावशीने हाताने चाचपत विचारलं.

"मी, बाई. कमला."

मावशीने सासूबाईंचा हात धरला, मनगट चाचपलं, बांगड्या चाचपल्या. "कमला! अव माय! कोनाच्या गाडीनं आली व?"

"जवयाच्या."

"बैलं सोडले का? पानी दाखव त्याहीले."

आम्ही सगळे हसलो आणि त्या दोघी हसता हसता रडायला लागल्या. सासूबाई तिथेच खाली बसल्या, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई एवढी लहान होऊ शकते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी गाडीला वायर लावायच्या निमित्ताने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मला रडू आलं होतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मावशीच्या सुनेने जेवायला वाढलं, धरणाच्या पाण्यातल्या झिंग्यांचा रस्सा आणि भात. आदल्या दुपारपासून उपाशी असलेल्या सासूबाई दोनदा भात मागून जेवल्या. दुपारभर दोघी खाटेवर बसून बोलल्या. मध्येच मावशी म्हणायची, "तू बारीक झाली," सासूबाई म्हणायच्या, "तुले दिसते कुठं?" आणि पुन्हा सुरू. मी गाडी चार्ज होताना पाहत होतो. टक्का वाढायला पाऊण तास लागला तरी चालेल, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

निघताना मावशीने सासूबाईंच्या ओटीत मूठभर तांदूळ घातले, आम्ही आणलेल्याच कट्ट्यातले.

परत

परतीला सासूबाई न सांगता पुढे बसल्या. मधला गुंड मावशीकडे राहिला होता. रेखाने डिकीतच राहिलेला आईचा गुंड ठेवायला घेतला, तर म्हणाल्या, "राहू दे. दिसत नाही मले वळन."

अड्याळ जवळ आलं तेव्हा सूर्य तलावात उतरत होता. सासूबाईंनी समोर बघतच विचारलं, "जवाईबापू, या चालीनं पुनं किती दिवसाचं?"

मी मनात भागाकार केला. समृद्धी सोडून जुन्या रस्त्याने, दिवसाउजेडी, दर दोन तासांनी थांबत. "चार दिवसांचं, आई."

"मंग तितल्या दिवसाच्या भाकरी बांधा लागतीन," त्या म्हणाल्या.

मी आरशात पाहिलं नाही. काही वेळा बायकोकडे न पाहणं हेच बरं असतं.

पुणं

चार दिवस लागले. जुन्या रस्त्यावर लोकांनी आमच्या नव्या, भल्यामोठ्या गाडीला हॉर्न वाजवून वाजवून ओलांडलं, एका टेम्पोवाल्याने काच खाली करून "बिघडली का हो?" असं आस्थेने विचारलं. सासूबाई त्याला म्हणाल्या, "नाही बाप्पा, आमी पाहत पाहत जाऊन राहिलो." एकदाही त्यांना गाडी लागली नाही. घाटात थोडी शंका आली तेव्हा मी थांबलो, त्यांनी लिंबू हुंगलं, रस्त्याच्या कडेने शंभर पावलं चालल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "चला."

पाचव्या मजल्यावर, आमच्या घरात, त्या चप्पल बाहेर काढून आत आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. एकेक खोली पाहिली. भिंतींना हात लावला, खिडकी उघडून खाली पाहिलं, रेखाच्या कपाटाचं दार उघडून लावलं. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. रेखा ओट्यापाशी चहा टाकत होती आणि चोवीस वर्षं वापरलेल्या स्वयंपाकघरात तिला साखरेचा डबा सापडत नव्हता.

"रेखे," सासूबाई म्हणाल्या, "आतापावतर तुही आठवन आली का तू मले अड्याळच्या बसमंदी चढतानाच दिसे. पाठमोरी. तिथून फुडं कुठं जाते, काय करते, काही दिसे नाही. आता इथं दिसशीन."

रेखाने मान वळवली नाही. चहा उकळून वर आला, उतू गेला, तरी ती हलली नाही. आई बघत होती, म्हणून ती तिथेच उभी राहिली.